सोनाजीचा स्कॉटलंड दौरा

डोंगरकड्यात माणसाचं काहीही होवो, आधी त्याचा फ्लेक्स लागतो. पोरगं बारावी पास झालं, फ्लेक्स. कुणाची पोलीस भरतीत निवड झाली, फ्लेक्स. एकाला नांदेडच्या दवाखान्यातून घरी सोडलं, तर त्याच्या मित्रमंडळानं त्याचाही लावला होता, आणि त्यात तो गॉगल घालून हसत होता. गावाला कौतुकाची हौस आहे, त्याबद्दल गावाला नावं ठेवायचं कारण नाही. पण ही हौस माणसाच्या गळ्याशी कशी येते ते सोनाजीला विचारावं. तो सांगणार नाही. आता तो फारसं काही सांगतच नाही.

सोनाजी गावात असायचाच कमी. विशीत असताना तो पुण्याला गेला आणि तिथल्या एका गोल्फच्या मैदानावर कॅडी झाला. कॅडी म्हणजे साहेब लोकांची काठ्यांची पिशवी खांद्याला मारून त्यांच्या मागं चालणारा माणूस. साहेब चेंडू मारतो, चेंडू गेला कुठं ते कॅडीनं बघायचं. नीट गेला तर साहेबाचा हात चांगला, झुडपात गेला तर कॅडीचं लक्ष नव्हतं. असं चालता चालता सोनाजीची पन्नाशी आली. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती, लेकरूही राहिलं नाही, आणि दुसरं लग्न करायला तो कधी तयार झाला नाही. पुण्यात एक खोली, गावात म्हातारी आई मालनबाई, आणि धाकटा भाऊ हरिचंद, त्याची बायको ज्योती. एवढाच त्याचा गोतावळा.

माणसाला काहीतरी वेड लागतं. सोनाजीला मैदानांचं लागलं. खेळाचं नाही, खेळ त्यानं कधी धड खेळला नाही. साहेब लोक चालता चालता गप्पा मारायचे, आम्ही आयर्लंडला खेळून आलो, तिथं वाळूच्या टेकड्यांमधून वाट काढत जावं लागतं. अमेरिकेत एक मैदान असं की चेंडू जरा जास्त गेला की थेट समुद्रात. न्यूझीलंडमध्ये तर डोंगराची टोकं हाताच्या बोटांसारखी पाण्यावर काढलेली, आणि त्या बोटांवर हिरवळ. सोनाजी पिशवी सांभाळत सगळं ऐकायचा, आणि खोलीवर गेला की मोबाइलवर ते मैदान शोधून काढून बघत बसायचा. कोणत्या महिन्यात जावं, पाऊस कधी असतो, विमान कुठं बदलावं लागतं, हे सगळं त्यानं मनात पक्कं करून ठेवलं होतं. जायचं कुठंच नव्हतं, तरी तयारी पुरी होती.

त्यातलं त्याचं सगळ्यात लाडकं म्हणजे स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान. दिवाळीला घरी आला की तो आईपाशी बसून त्याचंच पुराण लावायचा. मालनबाई तूर निवडत ऐकायची. तिचा सगळा जन्म शेळ्यांमागं गेलेला, नांदेडच्या पलीकडं ती कधी गेली नव्हती.

"तिथले खड्डे म्हणे मेंढरांनी केलेत, आई. समुद्राचा वारा झोंबायचा म्हून मेंढरं मातीत दबून बसायची. बसून बसून खड्डे पडले, अन् साहेब लोकांनी ते तसेच ठेवले."

"म्हंजे गायरानच की रं ते!" मालनबाई म्हणायची. "अन् आता काहून सोडत न्हाईत मेंढरं? एवढं गवत वाया."

"रविवारी कुणीबी फिरायला जातंय तिथं. खेळ बंद असतो. लेकरं-बाळं, कुत्री, समदे."

"मग रविवारीच जाऊ," ती ठरवून टाकायची.

मायलेकांचा हा खेळ वर्षानुवर्षं चालला. आधी स्कॉटलंड, मग बोटीनं आयर्लंड, अमेरिका नंतर, कारण तिथं लांबचा पल्ला आणि आईचे गुडघे दुखतात. तिथं भाकर मिळते का, थंडीला घोंगडं न्यावं का, शेळ्या कुणाकडं ठेवाव्यात, अशा मालनबाईच्या शंका असायच्या, आणि सोनाजी प्रत्येकीला गंभीरपणे उत्तर द्यायचा. ज्योती चुलीपाशी हसून बेजार व्हायची.

आणि मग एका वर्षी ते खरंच व्हायची वेळ आली. सोनाजी ज्यांची पिशवी कायम उचलायचा ते वकीलसाहेब सत्तरीचे झाले. आपल्या मित्रांसोबत त्यांनी एप्रिलअखेरीला स्कॉटलंडला जायचं ठरवलं, आणि म्हणाले, "सोनाजी, ही माझी शेवटची मोठी ट्रिप. पिशवी तूच उचलायची. खर्चाचं माझ्याकडं." सोनाजीला पहिल्यांदा वाटलं साहेब चेष्टा करताहेत. पण पासपोर्ट झाला, तो हातात आला, आणि त्यानं गावाकडं फोन लावला. व्हिसा अजून यायचा आहे, हेही त्यानं सांगितलं. सांगितलं नाही असं नाही.

पण हरिचंदाच्या लेखी पासपोर्ट आला म्हणजे झालंच. त्याचं गावात खताबियाण्याचं दुकान, आणि ग्रामपंचायतीला उभं राहायचं डोक्यात. "व्हिसा काय, पासासारखा असंल, येतोय की मागून," असं म्हणून त्यानं सगळं ठरवून टाकलं. सोनाजी निरोप घ्यायला गावी आला तेव्हा चौकात त्याचा फोटो पुरुषभर उंचीचा लागलेला. मागं विमान, शेजारी लंडनचं घड्याळ, खाली हरिचंदाचा हात जोडलेला फोटो, आणि वर अक्षरं: डोंगरकड्याचे भूषण सोनाजीभाऊ यांना विदेश दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर सत्कार. फेटा, शाल, नारळ. सरपंचानं भाषणात गोल्फला हॉकी म्हटलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. सोनाजी ओशाळून बसला होता, पण खोटं कशाला बोलावं, त्याला बरं वाटत होतं. इतकी वर्षं तो गावात येऊन जायचा आणि कुणी विचारायचं नाही, कधी आलास, कधी निघालास. त्या दिवशी म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा त्याचा हात हातात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नांदेडला सोडायला जीप दारात यायच्या आधी, वकीलसाहेबांचा फोन आला. सोनाजीचा व्हिसा नाकारला होता. घरी बायको नाही, लेकरं नाहीत, नावावर जमीन नाही. हा माणूस परत येईलच असं काही दाखवता आलं नव्हतं. साहेबांना वाईट वाटलं होतं. तिकिटं बदलता येण्यासारखी नव्हती, ते म्हणाले, आम्ही जाऊन येतो, तुला फोटो पाठवतो.

सोनाजी हरिचंदाला सांगायला अंगणात गेला. हरिचंद बँडवाल्यांशी बोलत होता. भावाला बघून त्यानं त्याला मिठीच मारली आणि कानात म्हणाला, "दादा, बापाच्या माघारी आपल्या घराला पहिल्यांदा नाव मिळालं रे." त्याचे डोळे भरले होते. सोनाजीनं त्याची पाठ थोपटली आणि न सांगताच तो गोठ्याकडं वळला.

मग त्यानं ते आईला सांगितलं. मालनबाई शेळ्यांना पाला टाकत होती.

"सांग की खरं," ती म्हणाली. "लोकं काय खात्यात का तुला?"

"न्हाई जमायचं, आई. मला तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई. अन् हरीचं तर नाकच कापलं जाईल."

"मग आता?"

"हट्ट्याला जातो. रामप्रसादच्या आखाड्यावर. ट्रिप संपायच्या दिसापर्यंत तिथंच ऱ्हातो अन् मग येतो. कुणाला कळायचं न्हाई. तू बोलू नको फक्त."

मालनबाईला हे पटलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. पण बाहेर बँड वाजायला लागला होता. "फोन करत जा," एवढंच ती म्हणाली.

बँड वाजवत जीप गावाबाहेर पडली, नांदेडच्या स्टेशनवर पोरांनी सोनाजीला हार घातले आणि पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. तो पूर्णेला उतरला. हार त्यानं डब्यातच ठेवले. पूर्णेहून काळी-पिवळी धरून तो हट्ट्याला गेला.

रामप्रसाद पूर्वी पुण्याला त्याच मैदानावर गवत कापायला होता. आता गावाबाहेर आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, राहायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हसला नाही, आणि खाट दाखवली. हळदीचा हंगाम होता. कढई पेटलेली, शेतभर शिजलेली हळद वाळत घातलेली, आणि वरून वैशाखाचं ऊन. सोनाजी रिकामा कसा बसणार? तो हळद पसरायला, उलटायला लागला. चार-दोन दिवसांत त्याची नखं पिवळी झाली आणि तोंड करपलं. मोबाइलवर वकीलसाहेबांचे फोटो यायचे. राखाडी समुद्र, अंगभर कपडे घातलेले साहेब लोक, आणि ओढ्यावरचा तो छोटा दगडी पूल, ज्यावर उभं राहायचं सोनाजीनं किती वर्षं मनात धरलं होतं. पिवळ्या बोटांनी तो फोटो मोठा करून बघायचा. मग घरच्या ग्रुपवर टाकायचा. गावाकडून अंगठ्यांचा आणि जोडलेल्या हातांचा पाऊस पडायचा.

बोलायचं म्हटलं तर पंचाईत. आखाड्यावर मोर ओरडायचे, मोटार धडधडायची. एकदा खोलीचं दार लावून त्यानं ज्योतीच्या फोनवर फोन केला. ज्योती म्हणाली, भाऊजी, व्हिडिओ लावा की, समुद्र बघू द्या. तो म्हणाला, रेंज न्हाई. मग मालनबाईनं फोन घेतला.

"कसं हाय रं गायरान?" तिनं विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"चांगलं हाय, आई."

"थंडी लई असंल."

"व्हय," सोनाजी म्हणाला. त्याच्या पाठीवरून घाम वाहत होता.

"सांभाळ," ती म्हणाली, आणि मग आवाज उतरवून, "लवकर ये, बाबा. मला बरं वाटून न्हाई राहिलं." त्याला वाटलं आई उगाच काळजी करते. दुसऱ्या कुणालाही वाटलं असतं. पण त्या वाक्यावर तो पुढं किती रात्री तळमळणार होता, याची त्याला कल्पना नव्हती.

त्यानंतरचे दिवस हळदीच्या घाईत गेले. शेवटी एका सकाळी उठल्यावर त्याला वकीलसाहेबांचा रात्री आलेला नवा फोटो दिसला, चौघेजण त्या दगडी पुलावर. सोनाजीनं तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, काल संध्याकाळी इथे होतो. तासाभरानं हरिचंदाचा फोन आला.

"दादा, आई गेली."

हरिचंद बोलत राहिला. दोन दिवस दम लागला होता, नांदेडला न्यायचं म्हटलं तर ती नको म्हणाली. तुला तकलीफ नको म्हणून कळवलं नाही. दुपारी उरकायचं ठरलंय. उन्हाळ्याचे दिवस, ठेवता येत नाही.

"मी येतो," सोनाजी म्हणाला.

"कसा येशील? तू लांब हाईस, दादा," हरिचंद म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "तू लांब हाईस. समद्यांना ठाव हाय. येऊ नको." आणि त्यानं फोन ठेवला.

सोनाजी हळदीच्या हातांनीच निघाला. रामप्रसादनं त्याला मोटारसायकलवर वसमतच्या स्टँडवर सोडलं. तिथून डोंगरकडा कितीसा दूर? दुपारच्या आत पोचता आलं असतं, आईचं तोंड बघता आलं असतं, पाणी पाजता आलं असतं. गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. सोनाजी पायरीपर्यंत गेला आणि थांबला. सकाळचा तो फोटो आता गावभर फिरला असणार. स्कॉटलंडातला माणूस दोन तासांत दारात कसा उभा राहील? लोक मयत बाजूला ठेवून त्याच्याकडंच बघतील. फेटा बांधणारे, हार घालणारे, हात धरून बसलेले म्हातारे. आणि हरिचंद? काय सांगू त्यांना, काय सांगू, एवढं एकच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं. गाडी सुटली. मग दुसरी लागली. तीही गेली. एका बाकावर तो डोकं धरून बसून राहिला, आणि त्याच्या आईला तिकडं पाणी पाजून, खांद्यावर घेऊन, धाकट्यानं अग्नी दिला. सोनाजी ढसाढसा रडत होता, आणि स्टँडवरची माणसं त्याला बिचारा समजून बाजूनं जात होती.

विमानाला लागतील एवढे दिवस त्यानं आखाड्यावर काढले. तिसऱ्या दिवशी तो गावात शिरला, तेव्हा राख सावडून झाली होती. दारात बसलेल्या माणसांनी उठून त्याला जागा दिली. आईसाठी पोरानं दौरा अर्ध्यावर टाकला, साता समुद्रापलीकडून धावत आला, असं जो तो एकमेकाला सांगत होता. सोनाजीनं पिवळे हात शालीखाली घेतले होते. तोंड एवढं कसं करपलं असं एका म्हातारीनं विचारलं, तर तिलाही कुणीतरी परस्परच उत्तर दिलं, समुद्रावरचं ऊन वाईटच असतं म्हणून. जे त्याच्या तोंडावर थुंकले असते तर त्याला बरं वाटलं असतं, तेच त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

दहाव्याला दोघा भावांनी ओढ्याकाठी डोकी भादरली. न्हावी सामान आवरून बाभळीखाली जाऊन बसला. बाकीची मंडळी पलीकडं भटजींपाशी होती. इतक्या दिवसांत दोघे पहिल्यांदाच एकटे सापडले, आणि सोनाजीला राहवलं नाही. सगळं सांगून मोकळं व्हावं, भावानं चार शिव्या द्याव्यात, पायताण उचलावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"हरी," तो म्हणाला, "मी गेलोच न्हवतो रे कुठं."

हरिचंदानं वर पाहिलं नाही. "ठाव हाय मला," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"आईनं. दम लागला त्याच दिशी. म्हणली, सोना कुठं गेला न्हाई, हट्ट्याला हाय, रामप्रसादच्या आखाड्यावर. त्याला बोलाव."

ओढ्यात पाणी असं नव्हतंच, थोडंसं डबकं होतं. सोनाजीनं त्यात आपली पिवळी नखं बुडवली. दोन दिवस. दोन दिवस आई बाजेवर होती, आणि तो हळद उलटत होता.

"काहून बोलावलं न्हाईस, हरी?"

"घर माणसानं भरलं व्हतं, दादा. जो तो इचारून राहिला, सोनाजीला कळवलं का, तिकडं आता किती वाजले असतील. तू दोन तासात दारात येऊन उभा राहिला असतास, तर काय सांगितलं असतं म्या त्यांना?"

सोनाजीचा हात उचलला गेला होता. हाणावं एक, लोळवावं याला इथंच, असं त्याच्या मनात उसळून आलं. पण वसमतच्या स्टँडवर गाडीच्या पायरीशी उभं राहून त्यानं स्वतःला नेमकं हेच विचारलं होतं, आणि उत्तर सापडलं नाही म्हणून दोन गाड्या सोडून दिल्या होत्या. त्याचा हात तसाच खाली आला. भावाला मारायचा हक्क त्याचा त्यानंच घालवला होता.

पलीकडून कुणीतरी हाक मारली, आटपा म्हणून. दोघेही उठले नाहीत.

"एकदाच म्हणली का?" सोनाजीनं विचारलं.

हरिचंदानं तोंडावर हात घेतले आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला.

"न्हाई," तो म्हणाला. "जीव जाईस्तोवर म्हणत व्हती. हट्ट्याला हाय, बोलाव. हट्ट्याला हाय, बोलाव. मी समद्यांना सांगितलं, म्हातारी भ्रमात बोलून राहिली."